आजोबा सर्बियाचे, आजी इंग्लंडची: पिल्लाच्या कागदावरून तब्येत कशी कळायची?

मुलुंडची_मैना

नमस्कार मंडळी.

घरी लॅब्रेडॉर आणायचं घाटतंय. म्हणजे मी आणि लेकीने ठरवलंय, नवरोबा अजून "बघू"वर अडकलेत. बदलापूरच्या पुढे एका ब्रीडरकडे लिटर (एका वेतातली पिल्लं) आहे, तिथे जाऊन आले. जागा स्वच्छ, पिल्लं गुटगुटीत, माणूसही बोलायला बरा. त्याने एक जाडजूड फाइल पुढ्यात ठेवली. पिल्लाच्या वडिलांचे वडील सर्बियाहून आणलेले, त्यांच्या नावापुढे "एचडी-ए". आईची आई इंग्लंडच्या लाइनची, तिच्यापुढे "4:5". मधल्या कुठल्याशा अमेरिकन पणजोबांपुढे "ओएफए गुड". मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "मॅडम, सगळं ए-वन आहे, इंटरनॅशनल आहे."

गंमत अशी की खुद्द आई-वडिलांच्या नावापुढे यातलं काहीच नाही. वडिलांपुढे नुसतं "चॅम्पियन".

प्रश्न दोन. हे तीन प्रकार एकच गोष्ट मोजतात का? आणि वेगवेगळ्या देशांचे केनेल क्लब (जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्था) हल्ली कुत्र्यांच्या आरोग्याबाबत एकत्र काम करतात असं वाचलं, त्याचा मुंबईत पिल्लू घेणाऱ्याला काही उपयोग आहे की ते त्यांचं त्यांच्यापुरतं?

विकत घेऊ नका, दत्तक घ्या, हा सल्ला येणार हे माहीत आहे. आमच्या सोसायटीतल्या दोन इंडींचं खाणंपिणं, लसी, नसबंदी आम्हीच बघतो. तेव्हा तेवढं सोडून बोला, प्लीज.

गिरगावकर_गोट्या

एकाचे एसएससीचे टक्के, एकाची आयसीएसईची मार्कशीट आणि एकाचे आयबीचे पॉइंट. आणि ज्याला अ‍ॅडमिशन द्यायची त्याचे आईबाप परीक्षेलाच बसले नाहीत.

चिंगी_चेंबूर

गोट्या, हसून हसून पुरेवाट.

निवांत_नाना

दत्तक घ्या म्हणणार होतो, पण आधीच तोंड बंद केलंत. बसतो वाचत.

पशुवैद्य_परळ

मैनाताई, मोजतात तिन्ही एकच: खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत नीट बसतोय का, की सैल आहे. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं झोपवतात, मागचे पाय सरळ ताणून गुडघे किंचित आत वळवतात आणि एक्स-रे काढतात. इथवर सगळीकडे जवळपास सारखंच. फरक पडतो तो वाचण्यात.

एफसीआय, म्हणजे 1911 साली स्थापन झालेली, बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली केनेल क्लबांची जागतिक संघटना, तिच्या पद्धतीत ए ते ई. ए म्हणजे दोष नाही, ई म्हणजे सांधा पार बिघडलेला. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांची संघटना आणि तिथला केनेल क्लब मिळून अंक देतात: एका खुब्यात नऊ जागा तपासायच्या, 0 ते 53, दोन्ही मिळून जास्तीत जास्त 106. जितके कमी तितकं बरं. तुमच्या आजीबाईंचे 4 आणि 5 मिळून 9 झाले, म्हणजे छान. अमेरिकेतली ओएफए ही संस्था 1966 पासूनची, ती शब्दांत सांगते: एक्सलंट, गुड, फेअर, मग बॉर्डरलाइन आणि पुढे बिघाडाच्या तीन पायऱ्या.

ओएफएने तिन्हींचा ढोबळ ताळाही घालून ठेवलाय. एफसीआयचा ए म्हणजे त्यांचं एक्सलंट किंवा गुड, म्हणजे ब्रिटिश अंकांत साधारण 0 ते 10. त्या हिशेबाने तुमची तिन्ही म्हातारी मंडळी एकाच पंगतीत बसतात. पण ढोबळ म्हणजे ढोबळच. ओएफए पक्का दाखला 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाही. इतर ठिकाणी वर्षभराच्या कुत्र्याचाही एक्स-रे चालतो. वर्षाला नीटस दिसलेला सांधा दोन वर्षांनी तसाच दिसेल असं नाही.

हा आजार एका जनुकाचा नाही, पुष्कळ जनुकांचा आहे. वर खाणं, वजन आणि आपल्याकडच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरश्या. त्यामुळे आजोबा ए असून नातवाचं काहीच ठरत नाही. आई-बापांचे एक्स-रे मागा. नसतील तर ती फाइल फ्रेम करून भिंतीला लावायच्या लायकीची आहे, बस.

बदलापूर_लोकल

डॉक्टरसाहेब, मी लॅब आणि गोल्डनचं ब्रीडिंग करतो. (मैनाताई भेटल्या तो मी नव्हे, आधीच सांगतो.) तुमचं बरोबर आहे, पण जरा आमची बाजूही ऐका.

गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा पहिला प्रश्न, "केवढ्याला?" दुसरा, "पेपरवालं की विदाउट पेपर?" तिसरा, "हेड ब्लॉक आहे ना? बोन हेवी आहे ना?" इतकी वर्षं या धंद्यात आहे, आईच्या खुब्याचा एक्स-रे मागणारं गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंही आलं नाही. मी माझ्या दोन फीमेलचे काढले. भूल, फिल्म, गाडीभाडं, सगळं धरून चांगला खर्च झाला. शेजारचा काहीच करत नाही आणि पाच हजार कमी घेतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे.

आणि तो जो "चॅम्पियन" आहे ना, त्याची किंमत खरी. डॉग शोच्या रिंगमध्ये जिंकला की मेटिंगसाठी रांग लागते. जज काही एक्स-रे बघत नाही.

फणसाची_साल

वा! ब्रीडरने स्वतःच सांगितलं ते बरं झालं. आता माझं मत.

केनेल क्लबांचं "आरोग्यासाठी सहकार्य" म्हणजे चोरांनी एकत्र येऊन कुलपांवर परिसंवाद घ्यावा तसलं आहे. बुलडॉगचं नाक आत, कातडीला घड्या, डोकं एवढं की बहुतेक पिल्लं सिझेरियनने काढायची. हे कुणी केलं? जात कशी दिसावी याचं स्टँडर्ड कुणी लिहिलं? 2008 मध्ये बीबीसीने यावर माहितीपट दाखवला, ओरड झाली, पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स या डॉग शोचं प्रक्षेपण बंद केलं, तेव्हा कुठे ब्रिटनचा क्लब हलला. बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडं यांच्या संबंधातून झालेली पिल्लं नोंदवायची नाहीत हा नियम त्यांनी 2009 ला केला. क्लब स्थापन झाला 1873 ला! लागली सव्वाशे-दीडशे वर्षं.

नॉर्वेत तर प्राणिमित्र संघटना क्लबांना आणि ब्रीडरांना थेट कोर्टात घेऊन गेली. 2022 ला ऑस्लोच्या कोर्टाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर (छोट्या स्पॅनियलची एक जात) दोन्हींच्या पैदाशीला मनाई केली. अपिलात बुलडॉगवाले सुटले. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅव्हेलियरवरची बंदी कायम ठेवली. खटला भरला तेव्हा सहकार्य आठवलं.

गिरगावकर_गोट्या

पॉपकॉर्न आणतो.

स्टॉकहोमकर

फणसराव, साल काढली तर आत गरे निघतात म्हणे, त्या आशेवर लिहिते.

मी मूळ विलेपार्ल्याची, इकडे स्वीडनमध्ये पुष्कळ वर्षं आहे. लॅब घेतला तेव्हा काय केलं सांगते. क्लबच्या साइटवर आईचा नोंदणी क्रमांक टाकला. तिचा खुबा, कोपर, डोळ्यांची तपासणी, सगळं समोर आलं. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ब्रीडरची परवानगी नाही. तिच्या सख्ख्या आणि सावत्र भावंडांचंही दिसलं. आई ए होती, पण तिच्या भावंडांत दोघे सी निघाले, म्हणून ते लिटर सोडलं. डॉक म्हणतात तसं पुष्कळ जनुकांचं प्रकरण असलं की भावंडंच जास्त खरं बोलतात. फिनलंडमध्येही असंच उघडं असतं.

आता सहकार्याचं. 2012 मध्ये स्वीडिश केनेल क्लबने इथे स्टॉकहोमला एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवली. क्लबवाले, पशुवैद्य, आनुवंशिकीचे संशोधक एकाच खोलीत. त्यातून 2014 ला इंटरनॅशनल पार्टनरशिप फॉर डॉग्ज ही संस्था उभी राहिली. ती स्वतः कुत्र्यांची नोंदणी करत नाही. एका देशात कुठल्या जातीला कुठली तपासणी सक्तीची आहे, कुठली डीएनए टेस्ट कुठल्या जातीला खरोखर लागू आहे, कुठली प्रयोगशाळा काय करते, हे एका जागी आणायचं काम करते. कंटाळवाणं काम आहे. पण कुत्र्यांच्या डीएनए टेस्ट विकणाऱ्या प्रयोगशाळा जगभर झाल्यात, आणि एका जातीत सिद्ध झालेली टेस्ट दुसऱ्या जातीच्या मालकालाही खुशाल विकतात. ते कोण बघणार?

जजवरही उपाय झाला. "जज एक्स-रे बघत नाही" हे खरं, पण श्वास तर बघू शकतो? स्वीडनच्या क्लबने जजसाठी जातवार सूचना काढल्या: या जातीत नाकपुड्या बघा, या जातीत डोळे, या जातीत चाल. पुढे सगळ्या नॉर्डिक क्लबांनी त्या मिळून चालवल्या. म्हणजे स्वीडनमध्ये हरलेला घोरका कुत्रा डेन्मार्कमध्ये जाऊन जिंकायची सोय कमी झाली.

बदलापूर_लोकल

ताई, ती शेवटची ओळ आमच्याकडे छापून लावायला हवी. इथे चेन्नईत हरला तर पुण्यात जिंकतो.

माहीमची_मासोळी

पग पाळणारी मी एकटीच का इथे?

2003 चं ते मोबाइलचं जाहिरातपर्व आठवतंय ना? हचवाला पग. तेव्हा शाळेत होते आणि "तो कुत्रा" हवा म्हणून दोन दिवस जेवले नव्हते. बाबांनी आणला नाही. पुढे नोकरी लागल्यावर हौस भागवली.

आमचा गुड्डू झोपतो कसा ते सांगते. तोंडात रबरी बॉल धरून. आधी वाटायचं, किती लाडिक! व्हिडिओही टाकले होते, लाखभर लोकांनी बघितले. मग डॉक्टरांनी सांगितलं की बॉलने जबडा उघडा राहतो, म्हणून त्याला श्वास मिळतो. बॉल नसेल तर भिंतीला हनुवटी टेकवून बसल्या बसल्या झोपतो, मान खाली गेली की दचकून उठतो. नाकपुड्या आणि टाळू दोन्हीचं ऑपरेशन केलं. आता बरं आहे. एप्रिल-मेमध्ये शिवाजी पार्कला सकाळी सहाच्या आत नेऊन आणायचा, नंतर दिवसभर एसी. पावसाळ्यात तर हवाच अशी ओली की धापा टाकून अंग थंड होईना. बेस्टचं बिल नवरा मला वाचून दाखवतो.

कुणाला दुसरा पग घेऊ का विचारलं तर नको म्हणते. पण गुड्डू मला हवाच.

पशुवैद्य_परळ

मासोळीताई, बॉलवाली लक्षणं आम्ही ओपीडीत रोज ऐकतो, आणि मालक रोज हसत सांगतात. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं.

यावरच क्लबांच्या सहकार्यातली मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने 2019 मध्ये बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि पगसाठी श्वासाची प्रतवारी काढली. यंत्र नाही, एक्स-रे नाही. प्रशिक्षित पशुवैद्य गळ्यावर स्टेथोस्कोप लावून ऐकतो, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, पुन्हा ऐकतो. 0 ते 3 अशी प्रत. 3 वाल्याकडून पिल्लं घेऊच नयेत. ही पद्धत पुढे इतर देशांच्या क्लबांनी रीतसर परवाना घेऊन आपल्याकडे चालू केली. सगळीकडे तेच प्रशिक्षण, तीच प्रत. खुब्याच्या बाबतीत तीन भाषा झाल्या, इथे सुरुवातीपासून एकच ठेवली.

फणसराव, क्लब उशिरा जागे झाले हे मान्य. पण कोर्टाने एका देशात बंदी घातली की दुसऱ्या दिवशी सीमेपलीकडून पिल्लू येतं, बिनकागदाचं. नेदरलँड्सने नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या किती पट हवी याचं प्रमाण घालून दिलं, 0.3 पेक्षा कमी तर पैदास नाहीच. चांगला नियम. पण शेजारी देशांनी तसंच केलं नाही तर तो नियम फक्त आपल्याच प्रामाणिक ब्रीडरला लागतो.

फणसाची_साल

डॉक, मुद्दा घेतो. पण मग सांगा, कुठे क्लबांनी स्वतःहून, कोर्टाची काठी न पडता, एखाद्या जातीचं भलं केलंय? एक उदाहरण.

स्टॉकहोमकर

डाल्मेशियन. गोष्ट मोठी आहे, चहा घ्या.

जगातल्या जवळपास प्रत्येक शुद्ध डाल्मेशियनमध्ये एक दोष ठरलेला होता. लघवीत युरिक अ‍ॅसिड फार, त्याचे खडे होतात, नरांची लघवी अडते, वेळेत लक्ष गेलं नाही तर जीवावर बेतते. दोषी जनुकाच्या दोन्ही प्रती सगळ्यांत. म्हणजे आपसात कितीही निवड करा, निरोगी प्रत येणार कुठून? जातीत ती उरलीच नव्हती. अमेरिकेत एका आनुवंशिकीतज्ज्ञाने 1973 मध्ये डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढी परत डाल्मेशियनशी जुळवली. काही पिढ्यांत ठिपके, बांधा सगळं डाल्मेशियनचं, आणि खड्यांचा दोष गेलेला. 1981 ला अमेरिकन क्लबने त्यातली दोन पिल्लं नोंदवली. लगेच जातीच्या मंडळींनी आरडाओरडा केला, "रक्त बिघडलं!" आणि नोंदणी बंद.

मग 2010 च्या सुमारास ब्रिटनच्या क्लबने त्याच वंशातली अमेरिकेहून आणलेली एक फीमेल नोंदवून घेतली. 2011 मध्ये अमेरिकन क्लबनेही दार उघडलं. तीस वर्षं. पण कोर्ट नव्हतं त्यात, एका क्लबने केलं म्हणून दुसऱ्याला लाज वाटली असेल तर असेल.

दुसरं, नॉर्वेचा लुंडेहुंड. सहा बोटांचा, पफिन पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा. मोजक्या कुत्र्यांपासून पुन्हा वाढवलेली जात, त्यामुळे सगळेच एकमेकांचे अगदी जवळचे, पोटाचा असाध्य आजार घरोघर. त्यांच्या क्लबने स्वतःहून बुहुंड, नॉर्बोटनस्पिट्झ आणि आइसलँडचा शीपडॉग या तीन जातींशी संकराचा प्रकल्प घेतला. नावं बघा, एकाच देशातल्याही नाहीत त्या.

फणसाची_साल

तीस वर्षं! बरं, एक गरा कबूल.

निवांत_नाना

थोडं अवांतर. कुत्र्यांवरून मुंबईत दंगल झाली होती हे किती जणांना ठाऊक आहे? 1832 चा जून. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, शिपाई बक्षिसाच्या लोभाने घरातून ओढून कुत्री मारायला लागले. पारशी समाज खवळला, त्यांच्यात कुत्रा पवित्र, मयताच्या विधीतही लागतो. फोर्टात दुकानं बंद, गोऱ्यांच्या घरचं पाणी-पाव बंद. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले. लष्कर बोलवावं लागलं.

तेव्हा मुंबईने रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी दगड उचलले, आणि आता आपण सर्बियाचे आजोबा शोधतोय.

चिंगी_चेंबूर

नाना, तोंड बंद म्हणालात आणि शेवटी घेतलंतच वळण!

कारवानवाला

मी मूळचा लातूरकडचा, सध्या कल्याणला. धागा सगळा परदेशी कुत्र्यांवर चाललाय म्हणून लिहितो.

आमच्याकडे मळ्यात कारवान असायचे. पिंजऱ्यात नाही, साखळीला नाही. पोट आत, छाती खोल, तोंड निमुळतं. ज्याचा दम टिकला, जो सशामागे पोचला, त्याचीच पिल्लं लोक मागायचे. कागद नाही, पण निवड होती. माझ्या चुलत्यांकडची एक कुत्री म्हातारपणीही बांधावरून उडी मारायची.

आता आपल्याच देशात बघा. केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत हा कारवान हाउंड. इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत मुधोळ हाउंड. कुत्रा बव्हंशी तोच. दोन वह्या, दोन वंशावळ्या. एका वहीतल्या नराचा कुठला आजार निघाला तर दुसऱ्या वहीवाल्याला कोण सांगणार? बेल्जियम आणि अमेरिका नंतर जुळवा, आधी हे दोन जुळवा.

2005 ला टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, मुधोळही त्यात होता. 2020 मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये नाव घेतलं आणि गावात गाड्या यायला लागल्या. मुंबई-पुण्याहून. मागणी वाढली की काय होतं ते बदलापूरवाले सांगतीलच.

बदलापूर_लोकल

काय सांगायचं, मालक. मागणी वाढली की फीमेलची विश्रांती कमी होते.

2017 चे ब्रीडिंगचे नियम आहेत केंद्राचे: फीमेल दीड वर्षाची झाल्याशिवाय मेटिंग नाही, वर्षात एकच लिटर, आयुष्यात पाचच्या वर नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे. मैनाताई, तुमच्या त्या ब्रीडरकडे नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं का?

आणि परदेशी रक्ताचं म्हणाल तर 2016 मध्ये धंद्यासाठी कुत्री आयात करायला केंद्राने मनाई केली, मग कोर्टबाजी झाली. तेव्हापासून जो तो आधी आलेल्या त्याच दोन-चार चॅम्पियनांच्या मागे. आमच्या पट्ट्यात कुठल्याही लॅबच्या कागदावर तिसऱ्या पिढीत तेच नाव सापडेल.

पशुवैद्य_परळ

बदलापूर यांचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका त्यावर गिऱ्हाईक कधीच बोलत नाही. चुलत-मावस भावंडांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचा गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) 6.25 टक्के, सावत्र भावंडांच्या 12.5, बाप-लेकीच्या 25. एकच चॅम्पियन दोन्ही बाजूंना आजोबा असेल तर तुमचं पिल्लू सावत्र भावंडांचंच. त्यात त्या चॅम्पियनच्या अंगात एखादा सुप्त दोष असेल, उदाहरणार्थ लॅबमध्ये डोळ्याच्या पडद्याचा पीआरए, तर दोन्हीकडून येऊन तो पिल्लात उमटू शकतो. कुत्रा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत कळत नाही. आधी रात्री जिन्यावर अडखळतो, मग टेबलाला धडकतो.

अशा सुप्त वाहक (दोषाची एकच प्रत असलेल्या) कुत्र्याला बाद करायची गरज नसते बरं का. निर्दोष जोडीदाराशी जुळवला तर एकही पिल्लू आंधळं होत नाही. सगळे वाहक हाकलले तर जात आणखी आटते आणि दुसराच आजार वर येतो. हे हिशेब एकट्या ब्रीडरला जमत नाहीत. ज्या क्लबकडे सगळ्यांचे निकाल आहेत त्यालाच जमतात, आणि नर देशोदेशी फिरत असेल तर सगळ्या क्लबांचे निकाल एकमेकांना दिसायला हवेत. स्टॉकहोमताई सांगतात ते त्यासाठी.

केसीआय एफसीआयशी जोडलेलं आहे, मायक्रोचिपशिवाय कागद होत नाही. म्हणजे ओळख पक्की आहे. आरोग्याचा रकाना मात्र माझ्यासमोर आलेल्या लॅबच्या कागदांवर मला कधी दिसला नाही.

अर्धवटराव_अंधेरी

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे मांजर आहे.

मुलुंडची_मैना

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताजी खबर. ब्रीडरला फोन केला. नोंदणीबद्दल "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला. दोन्ही बाजूंच्या आजोबांची नावं वाचून दाखवायला सांगितली: वेगवेगळी आहेत, पण पणजोबा एकच (तोच अमेरिकन "गुड"). एक्स-रे मागितल्यावर थोडा गप्प झाला, मग संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आईच्या खुब्याचा म्हणून एक फोटो आला. ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला. एका कोपऱ्यात अंगठा आहे. डॉक, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय.

लेक म्हणते, पिल्लू पसंत केलंय, डाव्या कानावर पांढरा केस असलेलं. नवरोबा म्हणतात, बघू.

पशुवैद्य_परळ

बघितला. पाय वाकडे, कंबर एका बाजूला कललेली, त्यामुळे एक खोबण खोल आणि दुसरी उथळ दिसतेच, त्यावरून काहीही ठरवता येणार नाही. त्याहून मोठी अडचण, फिल्मवर ना तारीख, ना चिप क्रमांक. तो एक्स-रे त्या आईचा असेल, शेजारच्या गोल्डनचाही असेल.

त्याला सांगा, आईला परळला घेऊन ये. पुढ्यात चिप स्कॅन करू, क्रमांक फिल्मवर छापूनच एक्स-रे काढू. खर्च निम्मा तुम्ही द्या म्हणजे तो कुरकुरणार नाही. बुधवार सोडून कधीही, आणि कुत्रीला सकाळपासून उपाशी ठेवायला सांगा, गुंगी द्यायची आहे.

बदलापूर_लोकल

तो नाही म्हणाला तर माझ्या दोन फीमेलचे एक्स-रे तारीख-चिपसकट आहेत. पिल्लं दिवाळीनंतर. आजोबा मात्र सर्बियाचे नाहीत, पनवेलचे आहेत.

गिरगावकर_गोट्या

पनवेललाही आता इंटरनॅशनल विमानतळ आहे, मालक. तेही छापा फाइलवर.